मायच्या नावावरचा परवाना

सुरतेच्या उधना-लिंबायत पट्ट्यात 1980 च्या आगेमागे वाढलेली आम्ही खानदेशी पोरं आज भेटलो, की एकमेकांच्या आयांची आठवण निघते आणि बोलणं हमखास त्या दाराआड काय ठेवत यावर येतं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या धरणगावच्या काकू दिवेलागणीला मिरचीपुडीचा डबा फळीवरून काढून उंबऱ्याजवळ आणून ठेवत. त्यांच्या शेजारची वहिनी उशाशी विळा घेऊन झोपायची. समोरच्या गुजराती बेन कपडे धुण्याचा जाड दांडका रात्री आत घेत, तोही वाळवून. मागच्या गल्लीतल्या मालेगावच्या खालांकडे सागाचा अडसर होता, दोन माणसांनी उचलावा असा, आणि त्या तो एकट्या उचलत. आमच्या मायकडे बंदूक होती. एकनळी, बारा बोअरची, आणि परवाना तिच्या स्वतःच्या नावावर.

या बायकांना एवढं भ्यायला काय झालं होतं, असं आमची मुलं विचारतात. त्यांना त्या वस्तीच्या रात्री माहीत नाहीत. लूमचं खातं चोवीस तास चालायचं, पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात चाळीतल्या निम्म्या खोल्यांत मोठा पुरुष नसायचा. भिंती एका विटेच्या, वर पत्रे, दाराची कडी एका धक्क्यात निघेल अशी. आजूबाजूच्या खोल्यांत दहा-बारा जण मिळून राहणारे एकटे कारागीर, कोणी ओडिशाचे, कोणी उत्तर प्रदेशचे, कोणी आमच्याच अमळनेर-दोंडाईच्याकडचे. त्यातले बहुतेक पोटाला चिमटा काढून घरी मनिऑर्डर करणारे सरळ लोक होते, हे मी जबाबदारीने लिहिते. पण दारूबंदीच्या राज्यात पोटलीची दारू रात्री गल्लीत यायची, आणि ती प्यायलेला माणूस दिवसाचा राहत नसे. बायका साड्यांचे धागे कापत, लेस लावत कंदिलाशी बसायच्या, आणि बाहेर पाय वाजले की कात्र्या थांबायच्या. त्या थांबलेल्या कात्र्या आम्हाला सगळ्यांना आठवतात, कोणत्याही खोलीतलं पोर असो.

बंदूक घरात आणली ती आबांनी. ते फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले, 1979 मध्ये सुरतेला आले आणि एका बँकेत गनमॅन म्हणून लागले. त्या नोकरीत स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्या माजी सैनिकाला मान होता, म्हणून त्यांनी ती घेतली. आमच्या दृष्टीने ते पोटापाण्याचं साधन होतं. सकाळी आबा ती खांद्याला लावून सायकलवर निघत, संध्याकाळी आणत, जुन्या फौजी पेटीत ठेवून कुलूप लावत. रविवारी अंगणात चटई टाकून नळी साफ करत: दोरीला बांधलेली चिंधी आतून ओढून काढायची, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. माय शेजारी बसून ज्वारी निवडायची आणि बघायची.

तिला बंदुकीचं भय नव्हतं, त्याला कारण होतं तिचं माहेर. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वर, तिच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भुईमुगात शिरली की एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून जात, म्हणून शेतीच्या राखणीसाठी त्या भागात असे परवाने मिळत. 1959 च्या शस्त्र अधिनियमात त्याची स्वतंत्र तरतूदच आहे: पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक. बापाची एक आणि नवऱ्याची दुसरी, कायद्याच्या एकाच कलमातल्या दोन्ही बंदुका माझ्या मायने घरात पाहिल्या. मचाणावर बापाला भाकरी द्यायला जाणारी ती पोर होती. बार काढल्यावर कान किती वेळ गच्च होतात, दारूचा वास पदराला किती दिवस राहतो, हे तिला ठाऊक होतं. बंदुकीबद्दल तिच्या मनात जे होतं त्याला मी अदब म्हणेन. आपल्या गोफणीनेही पाखरू मरतं हे माहीत असलेल्या माणसाची अदब.

1988 च्या पावसाळ्यात आबा काविळीने गेले. आम्ही तिघं, थोरला दादा तेरा वर्षांचा, मी त्याच्या पाठची, मग धाकटी. दहाव्याच्या आत पोलीस ठाण्यातून निरोप आला, की परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. माय स्वतः गेली. बंदूक गोधडीत गुंडाळून रिक्षात आडवी ठेवली आणि पांढऱ्या कपाळाने तिच्याशेजारी बसली. पावती तिने आबांच्या फौजेच्या कागदांत ठेवली.

तेराव्याला गावाकडचे मोठे लोक बसले आणि त्यांनी सगळं ठरवून टाकलं. खोली भाड्याने द्यावी, पोरांना घेऊन बाईने गावी यावं, शेताच्या कामाला हात लावावा, आणि बंदुकीचं काय ते मोठे काका बघतील, त्यांच्या नावावर परवाना करून घेतील. गावात बंदूक असलेल्या घराला वजन असतं. माय चुलीपुढे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरं इथंच शिकतील. खोली माझी. बंदूक माझ्या नावावर होईल." त्या बैठकीत बाईने तोंड उघडायची रीत नव्हती. तिने आवाज चढवला नाही, भाकरी थापणंही थांबवलं नाही.

मला मोठेपणी असं स्पष्ट दिसलं, की बंदूक ठेवण्याचं तिचं पहिलं कारण चोर-दरोडेखोर नव्हतंच. आपल्याच माणसांनी आपल्या वतीने निर्णय घेऊ नये, हे ते कारण होतं. नवरा गेला की बाईची प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नावावर होऊ लागते: जमीन दिराच्या, पोरगा आजोबांच्या, पैसा भावाच्या. या एका वस्तूवर सरकार तिचा फोटो चिकटवून, तिच्या अंगठ्याशेजारी तिची सही घेऊन लिहून देणार होतं, की ही हिची आहे.

ते लिहून मिळायला 1990 उजाडलं. अर्ज, चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, पुन्हा अर्ज. तिची मराठी चौथीपर्यंतची, गुजराती ऐकून आलेली. अर्ज भरायला माझा दादा आणि गल्लीतले मराठी शाळेचे गुरुजी. कारणाच्या रकान्यात गुरुजींनी 'स्वसंरक्षण' लिहिलं. साहेबांनी तिला समोर बसवून विचारलं, कोणापासून? तिने सांगितलं, "साहेब, नाव माहीत असतं तर तक्रार दिली असती." हे उत्तर गुरुजींनी पुढे अनेक वर्षं लोकांना ऐकवलं.

ज्या देशात आपण राहतो तिथे शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे. तसं व्हायलाही एक इतिहास आहे. 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला आणि सामान्य हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार गेलं. स्वातंत्र्य चळवळीला तो अपमान इतका लागला होता, की 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत लिहिला गेला. पुढे डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. असा सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारही तो मागतील, ही त्यांची चिंता होती. माझ्या मायने यातलं काही वाचलं नव्हतं. पण ती बाबासाहेबांच्या बाजूची होती असं मला वाटतं, कारण कोणाच्या हातात बंदूक जाऊ नये याची यादी तिच्या मनात पक्की होती, आणि ती यादी फार लांब होती.

गुजरातेत मराठी आईने शस्त्र धरल्याची मोठी कहाणी उमाबाई दाभाड्यांची. 1 एप्रिल 1731 ला डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पडला, आणि पुढे त्या माऊलीने स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चाल केली. सरदारघराण्याची बाई म्हणून त्याची बखर झाली. लिंबायतच्या बाईची बखर म्हणजे परवान्याची पुस्तिका. ती मी अजून जपली आहे. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का, काडतुसं किती घेतली त्याच्या नोंदी. नोंदी अगदी थोड्या आहेत. काडतुसं 'शक्तिमान', पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. खडकी हे नाव खोक्यावर वाचलं की मायला बरं वाटे, आपल्याकडचं काही तरी घरात आहे असं.

बंदूक परत घरी आली आणि घराला नवे नियम आले. ती फौजी पेटीत, पेटी खाटेखाली, कुलूपबंद. काडतुसं तिथे नाहीत. ती मायच्या माहेरच्या पितळी डब्यात, डबा मोरीवरच्या माळ्यावर, त्यालाही कुलूप. दोन किल्ल्या कमरेच्या काळ्या करगोट्याला, आंघोळीलाही न सुटणाऱ्या. नळी साफ करायचा रविवार तसाच राहिला, फक्त आता दार लावून. आम्हाला जवळ बसायची मुभा होती, हात लावायची नव्हती. कायद्याने एकवीस वर्षांच्या आतल्याला शस्त्र बाळगता येत नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं असेल. खोटी खोटी बंदूक, बोटांची, तीसुद्धा एकमेकांवर रोखलेली तिला चालत नसे. दिवाळीत चाळीतली पोरं टिकल्यांची पिस्तुलं उडवायची, आम्हाला फुलबाज्या.

खंडेनवमीला मात्र ती बंदूक बाहेर काढून पाटावर ठेवी. शेजारी घरातला विळा, शिलाई मशीन, धागे कापायची कात्री, आबांचा फौजी पट्टा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. चाळीतल्या बायका आपापली कात्री आणून त्या पाटावर ठेवत, कारण पोट त्यांचं त्याच हत्यारावर होतं. त्या दिवशी कळण्याची भाकरी नसे, पुरण असे. धाकटी अजून सांगते, की लहानपणी तिला बंदूक हा एक देवच वाटायचा, वर्षातून एकदा बाहेर येणारा आणि एरवी ज्याचं नावही काढायचं नाही असा.

तिने ती कधी चालवली का, हे सगळे विचारतात. सुरतेत एकदाही नाही. रोखलीही नाही. 1991 च्या उन्हाळ्यात एका रात्री दोघं-तिघं दारावर आले. दारूच्या नशेत, नाव दुसऱ्याच कोणाचं घेत, लाथा मारत. आम्ही तिघं भिंतीला चिकटलो. माय उठली, पेटीकडे गेली नाही, दाराशी गेली. कडीवर हात ठेवून असा आवाज काढला की तो तिचा आहे हे मला ओळखू आलं नाही: "कोन शे? नाव सांग आपलं!" पुन्हा एकदा. मग अहिराणीत तिने त्यांच्या आयांची चौकशी केली, ती इथे लिहीत नाही. काकूंचं दार उघडलं, बेनचं उघडलं, कोणी ताट वाजवायला लागलं, आणि गल्ली जागी झाली. पाय पळाले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बंदूक का नाही काढलीस? तिने खरं ते सांगितलं. आधी करगोट्याची गाठ, मग माळा, मग डबा, मग पेटी, तोवर दार आत आलं असतं. "पण ती होती म्हणून माझा गळा उघडला." विधवा झाल्यापासून तिचा गळा बसल्यासारखा झाला होता. दुकानदाराशी, शाळेत, नळावर ती पुटपुटल्यासारखी बोलायची. बंदूक घरात आल्यावर ती पुन्हा बोलू लागली, हे चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

त्या रात्रीनंतर एक गोष्ट न ठरवता सुरू झाली. गावाला जाताना बायका आपली पोत, चांदीची वाळी, भिशीचे पैसे मायकडे ठेवू लागल्या. बंदुकीचं घर म्हणजे भक्कम घर. माळ्यावर छोटी छोटी गाठोडी जमली, प्रत्येकावर कोळशाने खोली-क्रमांक. एकटीच्या संसारासाठी घेतलेली वस्तू सगळ्या चाळीची राखण करू लागली, आणि मायची झोप आणखी कमी झाली.

6 डिसेंबर 1992 रविवार होता. सोमवारपासून सुरत पेटली. या शहराची अशी ख्याती नव्हती. दंगली अहमदाबादच्या, बडोद्याच्या. सुरत धंद्याची, असं सगळे म्हणत. जुन्या कोटाच्या आत तुलनेने निभावलं, आमच्यासारख्या नव्या, वाढत्या वस्त्यांत माणसं मारली गेली, शंभराहून जास्त, आणि त्यांत बहुतेक मुसलमान होते. हे जसं घडलं तसंच लिहायला हवं. आमची बोली बोलणारी पोरंही त्या झुंडींत होती.

कर्फ्यूच्या दुसऱ्या रात्री गल्लीतली पाच-सहा पोरं आमच्या दारात आली. सगळी मायच्या हातचं खाल्लेली. त्यांना बंदूक हवी होती. "काकू, गल्लीच्या रक्षणासाठी. तिकडून लोक येणार आहेत, पक्की खबर आहे." अशा पक्क्या खबरा तेव्हा दर तासाला येत होत्या, दोन्ही बाजूंना. मायने दार उघडलं, उंबऱ्यात उभी राहिली. तिचं बोलणं दादाला शब्दशः आठवतं. ती म्हणाली, "या उंबऱ्याच्या आत आहे तोवर बंदूक माझी. बाहेर गेली की कोणाची, ते मला माहीत नाही. एकेका काडतुसाचा हिशेब पुस्तिकेत लिहिलेला आहे." त्यातला एक म्हणाला, "आम्ही तुझी पोरंच ना?" ती म्हणाली, "म्हणूनच देत नाही. जा रे भो, घरी जा, आया वाट बघतात."

त्या नकाराची किंमत तिने मोजली. गल्लीतले काही पुरुष पुढे बरेच महिने तिच्याशी बोलले नाहीत. नळावर तिची कळशी मागे सरकवली जायची. कोणी म्हणालं, वेळेला कामाला आली नाही ती बंदूक काय चाटायची? तिने कोणालाच उत्तर दिलं नाही. काकूंनी तेवढं एकदा नळावर सगळ्यांसमोर मायची कळशी उचलून पुढे ठेवली.

मागच्या गल्लीतल्या खाला त्या आठवड्यात मालेगावला निघाल्या. जायच्या आधी, अंधारात, त्या मागच्या बोळातून आमच्याकडे आल्या आणि एक पत्र्याची पेटी देऊन गेल्या. मायने ती फौजी पेटीच्या मागे सरकवली. उन्हाळ्यात खाला येऊन घेऊन गेल्या. परत राहायला आल्या नाहीत. त्यांची खोली विकली गेली आणि तो सागाचा अडसर नव्या माणसाने जळणाला फोडला. आम्ही मुलं त्या घरातल्या मुलांबरोबर रोज लगोरी खेळायचो. आता ती कुठे आहेत, आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही, आणि हे दुःख आम्ही मोठेपणीच बोलायला शिकलो.

मग 1994 चा सप्टेंबर. गणपती बोळवले आणि वेड रोडकडून बातमी आली, की लोक एकाएकी तापाने जाताहेत, प्लेग आहे. दोन दिवसांत स्टेशन माणसांनी फुटायला आलं. लाखो लोकांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानांतून गायब झाल्या. आमची चाळ म्हणता म्हणता रिकामी झाली. सगळे भुसावळकडच्या गाडीला, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, जिथे ज्याचं गाव. जाताना प्रत्येकीने किल्ली मायकडे दिली.

मावशी आम्हाला घ्यायला आली आणि तेव्हा कळलं, की माय येणार नाही. परवाना गुजरात राज्यापुरता होता. नवापूर आलं की महाराष्ट्र, आणि तिथे ती बंदूक बेकायदा. जमा करावी तर विक्रेत्याचं दुकान बंद, तोही पळालेला. ठाण्यात जेमतेम माणसं, कोणी घ्यायला तयार नाही. रिकाम्या चाळीत बंद खोलीत टाकून जावी, तर कोणाच्या हाती लागेल? मायच्या मते तो विचारसुद्धा करण्यासारखा नव्हता. शिवाय करगोट्याला आता चाळभर किल्ल्या लटकत होत्या. तिने तोंडाला पदर बांधून आम्हाला उधन्याला गाडीत चढवलं. दादा उतरायला बघत होता, तिने त्याला खिडकीतून आत ढकललं.

ज्या पोरांच्या रक्षणासाठी बंदूक घेतली, त्या पोरांना साथीच्या दिवसांत एकटं धाडून ती बंदुकीपाशी राहिली. आम्ही तिघांनी यावर आयुष्यभर विचार केला आहे आणि तिघांची मतं तीन आहेत. धाकटीला वाटतं, त्या दिवशी बंदूकच मायची मालकीण झाली होती. दादा म्हणतो, ती बंदुकीसाठी राहिलीच नाही, किल्ल्यांसाठी राहिली. मला वाटतं, धोक्याची वस्तू घरात आणली की तिचा भार दुसऱ्यावर टाकून पळायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. आम्ही परतलो तेव्हा ती खंगली होती, पण चाळीतली एक वाटी हलली नव्हती. पुढच्या वर्षी सुरतेत एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि बघता बघता शहर धुऊन निघालं, ते सगळ्यांना माहीत आहे.

घरात शस्त्र ठेवणाऱ्याने बाहेरच्या माणसाचा विचार करून ते घेतलेलं असतं. पण दिवस फिरतात आणि धोका आतून येऊ शकतो. 1993 मध्ये अमेरिकेत आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: ज्या घरात बंदूक असते त्या घरात माणसाचा खून होण्याची शक्यता जवळपास पावणेतीन पट आढळली, आणि मारणारा बहुतेकदा घरातला किंवा ओळखीतला. त्यावर तिकडे अजून वाद चालू आहेत, आणि 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा नागरिकाचा हक्क ठरवला. तिकडच्या आया मुलांना कवेत घेऊन दोन्ही बाजूंनी बोलतात आणि मी दोन्हींकडचं नीट ऐकते, कारण माझ्या मायने दोन्ही बाजू एकाच खोलीत जगल्या.

1996 ला दादा एकवीस वर्षांचा झाला. ज्या खात्यात तो कामाला होता ते बंद पडलं. त्याच दिवसांत जमलेलं लग्न मोडलं. तो बोलेनासा झाला. जेवताना घास हातात धरून बसायचा, रात्री छपराकडे बघत पडायचा. तेव्हा आमच्या वस्तीत याला कोणी आजार म्हणत नसे. पोरगं जरा हबकलंय, एवढंच. माय काही बोलली नाही. एका सकाळी तिने गोधडी काढली, बंदूक गुंडाळली आणि रिक्षा बोलावली. "घोडा अडकतोय, दुरुस्तीला नेते," म्हणाली. विक्रेत्याकडे ती रीतसर ठेवून आली. दुरुस्ती लांबत गेली. आम्ही विचारलं की ती म्हणायची, भाग मिळत नाही.

पुढच्या वर्षी दादाला दुसरीकडे काम मिळालं, तो माणसांत आला, आणि मायने त्याच विक्रेत्याला बंदूक विकून टाकली. परवाना परत केला, पुस्तिकेवर रद्द असा शिक्का मारून मागून घेतली. आलेल्या पैशांतून धाकटीची बारावीची फी आणि दाराला लोखंडी जाळी. आम्हाला धक्का बसला होता. दादाने तर वाद घातला: दंगलीत ठेवली, प्लेगमध्ये ठेवली, आणि आता सगळं शांत असताना विकतेस? निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, मग सोडवून आणा, तेवढी दगदग संपली, असं काहीसं ती बोलली. 1995 पासून निवडणुकाही लागोपाठ आल्या होत्या, म्हणून आम्हाला ते पटलं.

खरं कारण बाहेर आलं ते अगदी अलीकडे, श्रावणात, कानबाईच्या रात्री. आमच्याकडे ती रात्र जागवायची असते. रोटाचं जेवण झालं होतं, माय आत झोपली होती, आणि दादाची मुलगी विचारत होती, आजीची बंदूक शेवटी गेली कुठे? दादा म्हणाला, "तुझ्या आजीने ती माझ्यामुळे विकली." मग त्याने आम्हा बहिणींनाही कधी न सांगितलेलं सांगितलं. त्या वाईट दिवसांत एका दुपारी, माय साड्यांचा गठ्ठा द्यायला गेली असताना, त्याने पेटीचं कुलूप तोडायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. पेटीला कुलूपच नव्हतं. उघडली तर आत आबांचा पट्टा आणि नॅप्थलीनच्या गोळ्या. बंदूक त्याच्या दोन-चार दिवस आधीच गेली होती. तो तिथेच खाली बसून रडला, आणि संध्याकाळी कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. मायने कुलूप पुन्हा का लावलं नाही, हे तिलाच ठाऊक. आम्ही तिला विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात ती बंदूक विकायला नको होती असं कोणी म्हणत नाही. घ्यायला नको होती असंही मी कोणाला म्हणू देत नाही. 1990 ला तिला जे दिसत होतं ते खरं होतं आणि 1996 ला जे दिसलं तेही खरं होतं. तेव्हा 181 वर फोन करून अभयम या महिला हेल्पलाइनची गाडी बोलावायची सोय नव्हती. ती गुजरातभर आली 2015 मध्ये. कडी एका धक्क्यात निघणारी होती आणि तिच्यामागे तीन पोरं होती.

मायने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. गोडादऱ्याला दादाकडे असते, ऐकू कमी येतं, डोळा चांगला आहे. मागच्या महिन्यात मावशीचा नातू तिच्याकडे आला. त्याचं डिंडोलीला सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, आणि त्याला परवाना काढायचा आहे. मावशीनेच त्याला पाठवलं होतं, आधी तिला विचार म्हणून. मायने त्याला समोर बसवून एकेक प्रश्न विचारले. दुकानात ठेवणार की घरी? घरी तर किल्ली कोणाकडे? पोरं केवढी आहेत? तुमच्यात दारू कोण पितं? बायकोला विचारलंस? मग थोडं थांबून, घरात सध्या कोणी गप्प गप्प असतं का?

शेवटच्या प्रश्नावर तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याने अर्ज अजून भरलेला नाही. दुकानाला मात्र दुसरं शटर बसवून घेतलं आहे.